उंदराच्या घाबरटपणात जनुकांचा वाटा किती, आणि तो ओळखायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा. पीएचडी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने एका जनुकाचे नॉकआउट उंदीर, म्हणजे ते जनुक निकामी केलेले उंदीर, तपासले. तिच्या लॅबमध्ये हे उंदीर प्लस मेझच्या, म्हणजे भीती मोजण्याच्या चार भुजांच्या उंच पाटीच्या, उघड्या भुजांवर फारसे जातच नाहीत. सहकारी लॅबकडे त्याच जनुकाचे नॉकआउट आहेत, पण तिथे त्यांच्यात आणि साध्या उंदरांत काहीच फरक दिसला नाही. तिचं विचारणं तीन भागांत आहे. बाल्ब-सी हा स्ट्रेन, म्हणजे प्रयोगशाळेतल्या उंदरांचा एक वंश, जन्मजात घाबरट असतो असं सगळे म्हणतात, ते खरं का? घाबरटपणा जनुकांत असेल तर दोन लॅबमध्ये दोन उत्तरं कशी आली? आणि आता पुढे काय करायचं?

आधी सरळ उत्तर देतो. जनुकांचा वाटा आहे, तो खरा आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या दाखवता येतो. तुमचा निकाल आणि सहकाऱ्यांचा निकाल दोन्ही बरोबर असू शकतात. पण उघड्या भुजेवर उंदीर किती सेकंद थांबला या आकड्यात जनुकाबरोबर उंदराचे डोळे, पायांची ताकद, त्याची आई, पिंजरा, त्याला उचलणारा हात आणि खोलीतला उजेड हे सगळं मिसळलेलं असतं. हे वेगळं केल्याशिवाय त्या जनुकाला ‘चिंतेचं जनुक’ म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे.

मोजतो काय ते पाहू. सगळ्यात जुनी चाचणी ओपन फील्ड. कॅल्व्हिन हॉल यांनी १९३४ साली रॅटवर ती वापरली. उजेड असलेल्या मोकळ्या रिंगणात प्राणी सोडायचा, तो किती फिरतो आणि किती लेंड्या टाकतो ते बघायचं. घाबरलेला प्राणी कमी फिरतो, जास्त लेंड्या टाकतो. प्लस मेझ १९८० च्या दशकात आली: जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या आसपास उंचीवर अधिकच्या चिन्हासारखी पाटी, दोन भुजांना भिंती, दोन उघड्या. उंदराला नवी जागा हुंगायचीही असते आणि उघड्यावर सापडायचंही नसतं. या दोन ओढींतली कोणती जिंकते ते आपण साधारण पाच मिनिटं बघतो. डायझेपाम हे चिंता कमी करणारं औषध दिलेला उंदीर उघड्यावर जास्त जातो, म्हणून ही चाचणी चिंतेशी जोडली गेली.

बाल्ब-सी आणि सी-५७-ब्लॅक-सिक्स हे दोन स्ट्रेन एकाच दिवशी, एकाच पाटीवर बघितले की फरक सांगावा लागत नाही. ब्लॅक-सिक्स मधल्या चौकात क्षणभर थांबतो, मिशा हलवतो, एका उघड्या भुजेच्या कडेपर्यंत जातो, कडेवरून मान खाली घालून बघतो, परत येतो. बाल्ब-सी बंद भुजेच्या तोंडाशी येतो आणि तिथेच अडतो. मागचे पाय भिंतीच्या आत रोवलेले, पोट पाटीला टेकलेलं, पुढचं अंग लांबवर ताणून बाहेर, नाक उघड्या भुजेकडे. असा तो बराच वेळ राहतो आणि झटक्यात मागे सरकतो. हे अंग ताणून बघणं नोंदवायला विसरू नका. नुसता ‘उघड्या भुजेवरचा वेळ’ मोजला तर हा उंदीर आणि झोपाळलेला उंदीर आकड्यात सारखेच दिसतात. प्रत्यक्षात एक जिवाच्या आकांताने माहिती गोळा करत असतो आणि दुसरा काहीच करत नसतो.

हा फरक वंशागत आहे हे कशावरून? इनब्रेड स्ट्रेन म्हणजे सख्ख्या भावंडांची जोड किमान वीस पिढ्या लावून तयार केलेला वंश. त्यातले सगळे उंदीर जनुकदृष्ट्या जवळजवळ एकसारखे असतात. क्लॅरेन्स कुक लिट्ल यांनी १९०९ मध्ये डीबीए या स्ट्रेनपासून ही पद्धत सुरू केली. सी-५७-ब्लॅक १९२१ चा, आणि १९२९ मध्ये त्यांनीच अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बरला जॅक्सन लॅबोरेटरी उभी केली. एकाच खोलीत, एकाच खाद्यावर वाढवलेले दोन स्ट्रेन सातत्याने वेगळे वागले तर कारण वंशात शोधावं लागतं. पण स्ट्रेनची तुलना एवढ्यावरच थांबते. दोन स्ट्रेनमध्ये लाखो ठिकाणी डीएनए वेगळा असतो, त्यातलं कुठलं ठिकाण भीतीशी जोडलेलं आहे हे तुलनेतून कळत नाही.

याहून पक्का पुरावा निवड-पैदाशीचा. कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे जॉन डीफ्रीस आणि सहकाऱ्यांनी बाल्ब-सी आणि ब्लॅक-सिक्स यांचा संकर केला आणि त्याच्या वंशजांतून ओपन फील्डमध्ये जास्त फिरणारे एकीकडे, कमी फिरणारे दुसरीकडे असे निवडत ३० पिढ्या नेल्या. प्रत्येक दिशेला दोन ओळी, म्हणजे वेगळे राखलेले वंश, शिवाय निवड न केलेल्या दोन ओळी तुलनेसाठी. १९७८ मध्ये निकाल छापला तेव्हा दोन टोकांमध्ये फिरण्यात तीसपटीहून अधिक फरक पडला होता. आणि फरक पिढीगणिक हळूहळू वाढत गेला होता. एकाच जनुकाचा खेळ असता तर तीन-चार पिढ्यांत वाढ थांबली असती. म्हणजे वर्तन वंशागत आहे आणि त्यामागे अनेक जनुकं आहेत, या दोन्ही गोष्टी एकाच प्रयोगात दिसल्या.

याच प्रयोगमालेत एक गोष्ट निघाली, ती प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मी पहिल्या आठवड्यात सांगतो. कमी फिरणाऱ्या ओळींत पांढऱ्या उंदरांचं प्रमाण वाढत गेलं. बाल्ब-सी पांढरा आहे. त्याच्या टायरोसिनेज जनुकातल्या दोषामुळे अंगात आणि डोळ्यात रंगद्रव्य नसतं. रंगद्रव्य नसलेल्या डोळ्याला तेज उजेड खुपतो. डीफ्रीस यांनी १९६६ मध्येच दाखवलं होतं की ओपन फील्डमध्ये लाल दिवा लावला, जो उंदराला जेमतेम दिसतो, की पांढऱ्या आणि रंगीत उंदरांतला फरक विरून जातो. म्हणजे ज्याला आपण घाबरटपणा समजत होतो त्याचा काही भाग डोळ्यांचा त्रास होता. सगळा नव्हे. रंगाचं जनुक बाजूला काढलं तरी दोन टोकांतला मोठा फरक उरतोच. पण जो भाग गळला तो जनुकाचाच परिणाम होता, फक्त मेंदूतल्या भीतीच्या वाटेने आलेला नव्हता. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे: बाल्ब-सी घाबरट आहे, पण तेज उजेडात तो आहे त्याहून जास्त घाबरट दिसतो.

डोळ्यांची तपासणी स्ट्रेन निवडतानाच करावी. सी-३-एच स्ट्रेनमध्ये दृष्टिपटल नष्ट करणारा दोष असतो. दूध तुटण्याच्या वयापर्यंत ते पिल्लू आंधळं झालेलं असतं. त्याला अर्ध्या उजेडाच्या, अर्ध्या अंधाराच्या पेटीत टाकून काय कळणार? डीबीए-२ ला वय वाढेल तसा काचबिंदू होतो आणि ऐकूही कमी येतं. या गोष्टी स्ट्रेनच्या माहितीपत्रकात असतात, आणि वर्तनाचे निकाल लिहिताना सर्रास विसरल्या जातात.

आता जनुकाचा पत्ता. १९९५ मध्ये जोनाथन फ्लिंट आणि सहकाऱ्यांनी डीफ्रीस यांच्याच ओळींचा संकर करून गुणसूत्रांवरचे पट्टे, म्हणजे भीतीशी जोडलेले डीएनएचे भाग, शोधले. १, १२ आणि १५ या गुणसूत्रांवरचे पट्टे एकापेक्षा जास्त चाचण्यांत दिसले. अनेक चाचण्यांत एकच पट्टा दिसणं महत्त्वाचं आहे, कारण त्याचा संबंध पाय जोरात चालण्याशी असता तर तो फक्त फिरण्यात दिसला असता, लेंड्यांत नाही. पण पट्टा सापडणं म्हणजे गाव सापडणं. त्या गावात शेकडो घरं असतात, आणि नेमकं घर सापडायला अजून नऊ वर्षं गेली. २००४ मध्ये बिनाझ याल्चिन, फ्लिंट आणि सहकाऱ्यांनी गुणसूत्र १ वर आरजीएस-२ या जनुकाकडे बोट दाखवलं. हे जनुक जे प्रथिन बनवतं ते पेशीवरच्या बऱ्याच ग्राहींचा, म्हणजे संदेश झेलणाऱ्या प्रथिनांचा, संदेश आवरता घेतं. ते संपूर्ण काढलेले उंदीर जास्त भित्रे असतात हे २००० सालीच दिसलं होतं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी दुवा जुळला.

एवढं करून त्या जनुकाचा वाटा किती? थोडा. २००६ मध्ये विल्यम व्हॅल्डर आणि सहकाऱ्यांनी आठ स्ट्रेनच्या मिश्र वंशातल्या सुमारे दोन हजार उंदरांवर कितीतरी गुणधर्म मोजले आणि शेकडो पट्टे काढले. त्यातल्या बहुतेकांचा वाटा एकूण फरकाच्या पाच टक्क्यांहून कमी निघाला. म्हणून ‘चिंतेचं जनुक सापडलं’ असा मथळा दिसला की मला अस्वस्थ वाटतं. जनुक सापडलेलं असतं. चिंता त्याच्या एकट्याच्या नावावर टाकता येत नाही.

मग नॉकआउट एवढा ठसठशीत परिणाम का दाखवतात? कारण निसर्गातला भेद जनुकाला थोडा हलवतो, नॉकआउट ते समूळ काढतो. सिरोटोनिन या मेंदूतल्या संदेशवाहक रेणूच्या १-ए ग्राहीचं उदाहरण मी नेहमी देतो. १९९८ मध्ये तीन स्वतंत्र गटांनी ही ग्राही नसलेले उंदीर बनवले, तिघांनी तीन वेगळ्या वंशांच्या पार्श्वभूमीवर, आणि तिघांनाही उंदीर जास्त भित्रे दिसले. वर्तनाच्या जनुकशास्त्रात असं एकमत क्वचित मिळतं, म्हणून या निष्कर्षावर माझा विश्वास आहे. पण खरी शिकवण पुढची. कोलंबिया विद्यापीठात रेने हेन यांच्या गटाने २००२ मध्ये असे उंदीर केले ज्यांच्या पुढच्या मेंदूत ही ग्राही औषध देऊन हवी तेव्हा बंद करता येई. मोठेपणी बंद केली, तर काहीच झालं नाही. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत बंद ठेवली आणि नंतर चालू केली, तर उंदीर जन्मभर भित्रा राहिला. जनुक तेच, उंदीर त्याच वंशाचा. ते कोणत्या वयात बोलतं यावर सगळं अवलंबून होतं.

याच धाग्यावर मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या गटाचं काम आहे, ते मराठी विद्यार्थ्यांनी आवर्जून वाचावं. त्यांनी २०२० मध्ये दाखवलं की जन्मानंतर दुसऱ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पुढच्या मेंदूतल्या उत्तेजक चेतापेशी कृत्रिमरीत्या जास्त चेतवल्या, तर ते उंदीर मोठेपणी जास्त भित्रे होतात. तीच चेतना पुढच्या वयात दिली तर तसं होत नाही. त्याआधी २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गटाने अगदी लहान, जनुकदृष्ट्या साध्या पिल्लांना फ्लुओक्सेटीन हे नैराश्यावरचं औषध दिलं आणि ती मोठेपणी सिरोटोनिन वाहक, म्हणजे ते औषध ज्याला अडवतं ते प्रथिन, नसलेल्या नॉकआउटसारखी वागली. लहानपणीच्या थोड्या दिवसांत जनुकाचा दोष आणि बाहेरचा प्रसंग एकाच ठिकाणी येऊन मिळतात. तुमचं जनुक पिल्लाच्या मेंदूत किती सक्रिय असतं ते बघितलंत का? फक्त मोठ्या उंदराच्या मेंदूचे काप काढले असतील तर गोष्टीचा पहिला भाग वाचायचा राहिला आहे.

दोन गटांत विरोध आला की काय करायचं याचं चांगलं उदाहरण ग्लायऑक्सलेज-१ या विकराचं (एन्झाइमचं). २००५ मध्ये आयरिस होवाट्टा आणि सहकाऱ्यांनी सहा स्ट्रेनच्या मेंदूतली जनुकं तपासली. भित्र्या स्ट्रेनमध्ये हे विकर जास्त होतं, आणि ते मेंदूत मुद्दाम वाढवलं की उंदीर आणखी भित्रा झाला. त्याच वर्षी म्यूनिकच्या गटाने निवड-पैदास केलेल्या ओळींत नेमकं उलटं पाहिलं: धीट ओळीत विकर जास्त. कित्येकांनी तेव्हा हे जनुक सोडून दिलं. पण २००९ मध्ये कळलं की अनेक स्ट्रेनमध्ये गुणसूत्राचा तो तुकडाच दुप्पट झालेला आहे; डीबीए-२ मध्ये आहे, ब्लॅक-सिक्समध्ये नाही. २०१२ मध्ये कारण सापडलं. हे विकर मिथाइलग्लायऑक्सल नावाचा रेणू मोडतं, आणि तो रेणू चेतापेशींना शांत करणाऱ्या गाबा-ए ग्राहीला चालना देतो, म्हणजे उंदराला शांत करतो. विकर जास्त, तर तो रेणू कमी, तर भीती जास्त. म्यूनिकच्या ओळीत विकर उलट दिशेला असण्याचा अर्थ एवढाच की निवड-पैदाशीत एखादं जनुक नुसतं सोबतीला म्हणूनही पक्कं होतं; त्या ओळीचा धीटपणा दुसऱ्या जनुकांतून आलेला असू शकतो. विरोध सुटला तो रासायनिक वाट सापडल्यामुळे. उंदरांची संख्या वाढवून तो सुटला नसता.

आता आईकडे येऊ, कारण तुमच्या दोन निकालांत तिचा हात असण्याची शक्यता मला मोठी वाटते. २००३ मध्ये डॅरलीन फ्रान्सिस, टॉमस इन्सेल आणि सहकाऱ्यांनी ब्लॅक-सिक्सचे गर्भ बाल्ब-सी मादीच्या पोटात ठेवले आणि जन्मल्यावरही बाल्ब-सी मादीकडेच वाढवले. मोठेपणी हे काळे उंदीर ओपन फील्ड आणि प्लस मेझमध्ये बाल्ब-सीसारखे वागले. फक्त गर्भ बदलून किंवा फक्त पाळणारी आई बदलून एवढा परिणाम आला नाही, दोन्ही लागलं. म्हणजे दोन स्ट्रेनमधल्या ज्या फरकाला आपण पिल्लाची जनुकं म्हणतो, त्यात आईची जनुकं तिच्या गर्भाशयातून आणि तिच्या वागण्यातून येत असतात. यातून ‘जनुकं काहीच करत नाहीत’ असा अर्थ काढू नका. आईचं वागणं तरी तिच्या वंशातूनच आलेलं असतं. पण तुम्ही जर नॉकआउट आई-बापांची पिल्लं एका पिंजऱ्यात आणि साध्या आई-बापांची पिल्लं दुसऱ्यात वाढवत असाल, तर तुम्ही पिल्लांच्या जनुकांची तुलना करत नसून दोन प्रकारच्या आयांची तुलना करत आहात.

लॅबच्या परिणामाचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण १९९९ चं. जॉन क्रॅब, डग्लस वॉल्स्टन आणि ब्रूस ड्यूडेक यांनी पोर्टलँड, एडमंटन आणि ऑल्बनी इथे एकाच वेळी, एकाच वयाचे, त्याच आठ प्रकारचे उंदीर, तीच उपकरणं आणि तेच वेळापत्रक वापरून सहा चाचण्या केल्या. खाद्य, भुसा, पिंजरा धुण्याचा दिवस, सगळं जुळवलेलं. तरी प्लस मेझमध्ये एडमंटनचे उंदीर उघड्या भुजांवर इतरांपेक्षा जास्त राहिले. तिथल्या प्रयोगकर्त्याला उंदरांची ॲलर्जी असल्याने तो हवा गाळणारं शिरस्त्राण घालून काम करत होता. ते कारण होतं की नाही कोणी सांगू शकत नाही. दारू पिण्याच्या आवडीत मात्र तिन्ही ठिकाणी स्ट्रेनचा क्रम जवळपास तोच आला. म्हणजे सगळी वर्तनं सारखी नाजूक नसतात. चिंतेच्या चाचण्या सगळ्यात नाजूक आहेत, आणि जनुकाचा परिणाम जितका लहान तितका तो लॅबगणिक हलतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतांशी हेच आहे.

उचलण्याची पद्धत तर मी रोज बघतो. २०१० मध्ये लिव्हरपूलच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी दाखवलं की शेपटीने उचललेले उंदीर, नळीत किंवा ओंजळीत उचललेल्यांपेक्षा, प्लस मेझमध्ये जास्त भित्रे असतात, आणि हे एकापेक्षा जास्त स्ट्रेनमध्ये, नर-मादी दोन्हींत खरं आहे. पिंजऱ्यातच एक प्लॅस्टिकची नळी ठेवा. उंदीर आपणहून आत जातो, दोन्ही टोकांशी हात धरून नळी उचला, पाटीच्या मधोमध तिरकी करा. काही दिवसांत तो हात दिसताच पळणं सोडतो. यात सेकंदही वाया जात नाही, तरीही कित्येक ॲनिमल हाउसमध्ये अजून शेपटीच धरतात, आणि मग आधीच घाबरवलेल्या उंदरांत जनुकाचा परिणाम शोधतात. सगळेच उंदीर तळाला टेकले असतील तर फरक दिसणार कुठून?

तुमच्या उंदरांबद्दल आता नेमकं बोलू. पहिली शंका, शेजारची जनुकं. बरेच जुने नॉकआउट १२९ स्ट्रेनच्या गर्भपेशींत बनले आणि मग ब्लॅक-सिक्समध्ये संकर करत नेले. दहा पिढ्या संकर केला तरी निकामी जनुकाच्या दोन्ही बाजूंना १२९ चा तुकडा चिकटून राहतो. नॉकआउटमध्ये दिसलेला परिणाम त्या तुकड्यातल्या दुसऱ्या जनुकाचा असू शकतो. हा धोका १९९६ पासून लोक सांगत आहेत. क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने थेट ब्लॅक-सिक्समध्ये बनवलेला दुसरा नॉकआउट मिळाला तर हा प्रश्न निकाली निघतो.

दुसरी शंका, आणि माझ्या मते तुमच्या बाबतीत सगळ्यात आधी तपासण्याची: ‘ब्लॅक-सिक्स’ कुठला? जे की एन? जॅक्सन लॅबोरेटरीतून १९५१ मध्ये काही उंदीर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत गेले, त्यांचा वंश तो एन, राहिलेल्यांचा जे. तेव्हापासून दोघांत वेगवेगळे बदल पक्के झाले आहेत. एनमध्ये दृष्टिपटलाचा दोष आहे. जेमध्ये एनएनटी जनुक तुटलेलं आहे, आणि २०१९ मध्ये छापलेल्या कामानुसार गाबा-ए ग्राहीच्या अल्फा-२ घटकाच्या जनुकात एका अक्षराची गळती आहे, त्यामुळे मेंदूत हा घटक कमी बनतो. हे इथे का महत्त्वाचं? कारण २००० साली झ्युरिकच्या गटाने दाखवलं की डायझेपामचा भीती घालवणारा परिणाम याच अल्फा-२ घटकातून येतो. झोप आणणारा परिणाम अल्फा-१ मधून. म्हणजे जगात सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या उंदरात, भीतीशी थेट जोडलेली एक ग्राही मुळातच कमी आहे. तुमचा नॉकआउट जेवर आणि सहकाऱ्यांचा एनवर असेल, किंवा नॉकआउट एनचा आणि तुलनेचे उंदीर बाजारातून आणलेले जे असतील, तर निकाल जुळणारच नाहीत. शेपटीच्या तुकड्यातून डीएनए काढून हे तपासणं सोपं आहे.

आपल्याकडे औषधशास्त्राच्या महाविद्यालयांत स्विस अल्बिनो उंदीर फार वापरतात. ते इनब्रेड नाहीत, प्रत्येक उंदीर वेगळा, शिवाय पांढरे. औषधाची चाचणी करायला हरकत नाही, पण जनुकाच्या प्रश्नासाठी नॉकआउटची तुलना त्यांच्याशी करू नका.

पुढे करायचं ते असं. एक निकामी आणि एक चांगली प्रत असलेल्या आई-बापांची जोड लावा, म्हणजे एकाच वेतात तिन्ही प्रकारची पिल्लं मिळतात: एकाच गर्भाशयातली, एकाच आईने चाटलेली. तुलना फक्त भावंडांत करा. हिशेबात वेत हे एकक धरा. एका वेतातले सहा नॉकआउट म्हणजे सहा स्वतंत्र पुरावे नव्हेत. कोण कुठल्या प्रकारचा हे चाचणी घेणाऱ्याला माहीत नसावं. नर आणि माद्या दोन्ही घ्या.

प्लस मेझ एका उंदरावर एकदाच. दुसऱ्यांदा पाटीवर आलेल्या प्राण्यावर डायझेपामही चालत नाही, हे १९९० च्या आसपासच सिद्ध झालं आहे. दुसरी फेरी वेगळंच काहीतरी मोजते. त्यापेक्षा वेगळ्या मागण्या असणाऱ्या चाचण्या घ्या: ओपन फील्ड, उजेड-अंधाराची पेटी, आणि अनोळखी जागी खायला लागायचा वेळ. सौम्य चाचणी आधी, त्रासाची नंतर. प्रत्येकीत एकूण चाललेलं अंतर नोंदवा. नॉकआउट बंद भुजांतही कमी फिरत असेल तर तो भित्रा आहे की सुस्त, हे ठरायचं बाकी आहे. उजेड लक्स या एककात मोजून लिहा, ‘मंद’ असं लिहू नका. साध्या उंदरांच्या एका गटाला डायझेपाम देऊन तुमची पाटी तो परिणाम पकडते का ते आधी पाहा. पकडत नसेल तर नॉकआउटबद्दल काहीच बोलता येणार नाही. नव्या उंदरांसाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे अर्ज करताना संख्या वेतांच्या हिशेबाने मांडा, म्हणजे मध्येच कमी पडून पुन्हा मंजुरी मागायची वेळ येत नाही.

आणि एवढं सगळं करूनही एकसारख्या जनुकांच्या भावंडांत फरक उरेल. २०१३ मध्ये जर्मनीतल्या एका गटाने ४० एकसारख्या ब्लॅक-सिक्स माद्या एका मोठ्या, बहुमजली जागेत तीन महिने ठेवल्या. दिवसेंदिवस त्यांच्या फिरण्यातला फरक वाढत गेला, आणि ज्या जास्त विस्ताराने फिरल्या त्यांच्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात नव्या चेतापेशी जास्त होत्या. हा फरक तुमची चूक समजून पुसू नका, आलेखात एकेक ठिपका दाखवा.

माणसांचं विचारलं नाहीत, पण घरचे विचारतील. जुळ्यांच्या अभ्यासांतून चिंताविकारांत वंशाचा वाटा साधारण ३० ते ५० टक्के येतो, आणि तो उंदरांसारखाच असंख्य लहान तुकड्यांत विखुरलेला आहे. उंदराच्या एका जनुकावरून कुणाच्या मुलाला चिंता होईल की नाही हे सांगता येत नाही, आणि तशी तपासणी कुणी विकत असेल तर पैसे घालवू नका.

सहकाऱ्यांशी वाद घालण्याआधी त्यांच्या चाचणीचे मूळ व्हिडिओ मागा आणि तुमचे त्यांना द्या. दोन्ही लॅबनी दोन्हींचे व्हिडिओ, उंदराचा प्रकार न कळता, मोजावेत: अंग ताणून बघणं, कडेवरून डोकावणं, एकूण अंतर, आणि मग उघड्या भुजांवरचा वेळ. त्यांच्या साध्या उंदरांनी उघड्या भुजांवर किती वेळ काढला ते पहिल्यांदा बघा. तेच जर जवळजवळ शून्यावर असतील, तर त्यांच्या खोलीत सगळेच इतके घाबरलेले होते की तुमच्या नॉकआउटला आणखी खाली जायला जागाच नव्हती. मग दोघांनीही उजेड कमी करून, नळीने उचलून, भावंडांवर ती एक चाचणी पुन्हा घ्यावी.